दळण टाकलंय

आई चक्कीवरून रिकाम्या हातांनी परतली की बाबा ओसरीतूनच विचारायचे, "झालं का दळण?" आणि आई म्हणायची, "टाकलंय." त्यावर बाबांनी पुन्हा काही विचारल्याचं मला आठवत नाही. टाकलंय म्हणजे डबा चक्कीवर पोचला, नंबर लागला, पीठ अजून झालेलं नाही, अंधार पडायच्या आत कुणीतरी आणायला जायचं आहे. ते कुणीतरी बहुतेक मी असायचो. आमच्या भंडारा जिल्ह्यात ताटात भात आधी, पोळी नंतर. त्यामुळे दळणाची फेरी रोजची नव्हती. तरी तो शब्द कानात राहिला आहे.

आज मी जे काम करतो त्याचा पगार एका अर्थानं असल्याच क्रियापदांसाठी मिळतो, हे कळायला मात्र बरीच वर्षं गेली.

काम असं. दुसऱ्या प्रोग्रामरांना वापरायला तयार कोड देणारी एक लायब्ररी आहे, तिची देखभाल करणाऱ्या गटात मी आहे. वरठीला घराच्या वरच्या खोलीत बसतो. खिडकीतून सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्याच्या बाजूचं आकाश दिसतं, आणि मालगाडी निघाली की टेबलावरचा पाण्याचा ग्लास हलतो. कोड लिहिणं हळूहळू कमी झालं. आता बराचसा वेळ कोडच्या डोक्यावर जी दोन-चार ओळींची कॉमेंट असते, हे फंक्शन काय करतं ते सांगणारी, ती नीट करण्यात जातो. नातेवाइकांना हे सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावर सहानुभूती दिसते. मशीन ती ओळ वाचतसुद्धा नाही. वाचतो तो माणूस, बहुतेक घाईत आणि बहुतेक रात्री.

त्यातही माझ्या वाट्याला आला तो असिंक्रोनस कोड. त्याचा अर्थ सांगायला चक्कीइतकं चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. साधा कोड म्हणजे डबा घेऊन चक्कीसमोर उभं राहणं. पट्टा फिरतोय, अंगावर पीठ उडतंय, आपलं होईपर्यंत हलायचं नाही. असिंक म्हणजे टाकून येणं. मधल्या वेळात भाजी घ्या, किराण्याचं बघा, मग डबा उचला. काम तेवढंच, माणूस मोकळा. नेटवर्कवर, डिस्कवर, दुसऱ्या मशीनच्या उत्तरावर अवलंबून असलेली सगळी कामं अशीच टाकून यावी लागतात, नाहीतर प्रोग्राम दिवसभर पीठ अंगावर घेत उभा राहील.

साध्या कोडमध्ये फंक्शन परत आलं म्हणजे काम झालं, हे गृहीत असतं. असिंकमध्ये परत येणं आणि काम होणं यांची फारकत झालेली असते. आणि कॉमेंट लिहिणारा जुन्या सवयीनंच लिहीत राहतो.

मीही तेच केलं होतं. एका फंक्शनवर सहा इंग्रजी शब्दांची ओळ लिहिली होती: 'सेंड्स द मेसेज टू द सर्व्हर.' संदेश सर्व्हरला पाठवते. व्याकरण शुद्ध, शेवटी पूर्णविराम, रिव्ह्यूमध्ये कुणाची हरकत नाही. प्रत्यक्षात ते फंक्शन संदेश आमच्या आतल्या रांगेत ठेवून लगेच परत यायचं. रांग उपसण्याचं काम मागे वेगळं चालू असायचं. वापरणाऱ्या एकानं ओळ वाचली, विश्वास ठेवला, रात्रीचे संदेश 'पाठवले' आणि शेवटचा संदेश दिल्या दिल्या प्रोग्राम बंद केला. रांगेतलं जे होतं ते प्रोग्रामबरोबर गेलं. असं दोन रात्री झालं. त्याची तक्रार फार सभ्य होती: तुमचं फंक्शन पाठवतं असं लिहिलंय, ते पाठवत नाही. आमच्यात आधी थोडा वाद झाला. कोड बरोबर आहे, त्यानं आधी रांग रिकामी होऊ द्यायला हवी होती, आतली रचना वाचली असती तर कळलं असतं, वगैरे. आतली रचना वाचायची असेल तर मग कॉमेंट कशाला लिहायची?

त्या संध्याकाळी मी ती ओळ मराठीत म्हणून पाहिली. हेतू काही उदात्त नव्हता, डोकं चालत नव्हतं म्हणून. 'पाठवते.' नाही. 'पाठवून देते'? तेही नाही, देऊन टाकल्यावर हात मोकळे होतात आणि इथे तर संदेश अजून आपल्याच घरात आहे. 'पाठवू लागते'? थोडं जवळ. आणि मग आईचा शब्द आला: 'पाठवायला टाकते.'

तेव्हापासून मी घरातली क्रियापदं ऐकायला लागलो. कुकर लावला. विरजण लावलं. डाळ भिजत घातली. कुरड्या वाळत घातल्या. दूध तापायला ठेवलं. ब्लाउज शिवायला टाकला. धान भरडायला टाकला. सगळी क्रियापदं भूतकाळी, सगळ्यांत काहीतरी पुरं झालेलं आहे, आणि तरी ऐकणाऱ्या कुणाचाही गैरसमज होत नाही की दही तयार आहे. पुरं झालं आहे ते सुरू करणं. उरलेलं काम आता दुसऱ्याचं: उन्हाचं, आचेचं, शिंप्याचं, जंतूंचं. लावणं, घालणं, ठेवणं, टाकणं या चार साध्या क्रियापदांवर आपल्या स्वयंपाकघरातलं असिंक पिढ्यान् पिढ्या बिनबोभाट चाललेलं आहे. आणि विरजण लावल्याचं सांगणारी बाई त्याबरोबर पुढची ओळही सांगते, 'हलवू नका' आणि 'सकाळी बघा'. ही झाली पूर्ण कॉमेंट. काय सुरू केलं, मधे काय करायचं नाही, कधी विचारायचं.

कॉमेंट कशा लिहाव्यात याचे लेखी संकेत आहेत, नाहीत असं नाही. पायथन भाषेत 2001 सालापासून एक संकेतपत्र आहे. त्याचं म्हणणं, पहिली ओळ आज्ञार्थात लिहा; 'हे कर', 'ते परत दे', अशी. जावाच्या जगात नेमकं उलट: तृतीयपुरुषी वर्णन करा, 'हे करते', 'ते परत देते'. या दोन पंथांमध्ये रिव्ह्यूच्या वेळी झालेली भांडणं मी पाहिली आहेत. इंग्रजी क्रियापदाच्या शेवटच्या एका 'एस'साठी माणसं अर्धा दिवस घालवतात. मला त्या वादात आता रस उरलेला नाही. आज्ञा करा नाहीतर वर्णन करा. क्रियापदच चुकीचं निवडलं असेल तर दोन्ही रूपं सारखीच फसवतात.

बाबांना मी हा घोळ सांगितला. ते रेल्वेत होते, सहायक स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले. बहुतेक नोकरी लाइनवरच्या छोट्या स्टेशनांवर गेली, जिथे दिवसातल्या बहुतेक गाड्या न थांबता निघून जायच्या. त्यांना संगणकातलं काही कळत नाही असं ते आधीच जाहीर करतात. पण सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं, "तुझ्या त्या फंक्शननं एलव्ही पाहिली का?"

एलव्ही म्हणजे लास्ट व्हेईकल. गाडीच्या शेवटच्या डब्याच्या मागे या दोन अक्षरांची पाटी टांगलेली असते, रात्री लाल दिवा. इंजिन फलाटाला लागलं की प्रवाशांच्या लेखी गाडी आली. मास्तरांच्या लेखी नाही. मधे कुठे कपलिंग सुटून मागचे डबे सेक्शनमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या रुळावर, राहिले असतील तर इंजिन तसंच शिटी वाजवत येतं, पुढच्या डब्यांतली माणसं तशीच उतरतात. मास्तर किंवा त्यांचा माणूस ती शेवटची पाटी डोळ्यांनी पाहतो, तेव्हाच गाडी पूर्ण आली असं ठरतं, तेव्हाच मागच्या स्टेशनाला 'ट्रेन आउट ऑफ सेक्शन' कळवलं जातं, आणि त्यानंतरच मागच्याला पुढच्या गाडीसाठी लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, मागता येतो. आता बऱ्याच ठिकाणी एक्सल काउंटर आले. आत गेलेली चाकं आणि बाहेर पडलेली चाकं ते मोजून जुळवतात. बाबांना ते पटतं, पण पाटी पाहण्यात जी मजा होती ती चाकं मोजण्यात नाही असं त्यांचं मत आहे.

त्यांच्या रजिस्टरबद्दल त्यांनी पुष्कळदा सांगितलं आहे. लाइन क्लिअर कधी मागितला, कधी दिला, गाडी सेक्शनमध्ये कधी शिरली, कधी आली, सेक्शन कधी मोकळा झाला. प्रत्येकाची वेळ वेगळ्या रकान्यात. खाडाखोड करायची नाही. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही. 'गाडी आली' या दोन शब्दांचे त्या पानावर किती तुकडे केलेले असत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. आणि त्या रकान्यांत भविष्यकाळ नावालाही नव्हता.

'पाठवलं'चेही असेच तुकडे पडतात. संदेश आमच्या रांगेत पडला, हा एक. आमच्या प्रोग्रामनं तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली केला, हा दुसरा. पुष्कळ फंक्शनं इथेच 'झालं' म्हणतात, आणि तोवर एकही बाइट घराबाहेर पडलेला नसू शकतो. पलीकडच्या मशीननं तो घेतला, हा तिसरा. पलीकडच्या प्रोग्रामनं वाचून त्याचं जे करायचं ते केलं, हा चौथा. टपालखात्यात यांच्यासाठी निदान दोन शब्द तरी आहेत: खिडकीवर मिळते ती पावती, आणि ज्याला पत्र गेलं त्याच्या सहीनिशी परत येते ती पोचपावती. कोर्टकज्जे केलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, रजिस्टर एडीचं ते कार्ड परत आलं की नाही यावर काय काय अवलंबून असायचं ते तो सांगेल. मी सहा शब्दांची ओळ लिहून हातात पावती दिली होती, आणि वाचणाऱ्यानं ती पोचपावती समजून खिशात घातली.

बरं, हा घोटाळा माझ्यासारख्या किरकोळ माणसांच्याच कोडमध्ये असतो असं नाही. पायथनच्या स्वतःच्या असिंक लायब्ररीत जोडणीवर लिहिण्यासाठी 'राइट' आणि 'ड्रेन' अशी जोडी आहे. राइट जमलं तर लगेच पाठवतं, नाही जमलं तर उरलेलं बफरमध्ये साठवतं. म्हणून त्यानंतर ड्रेनची वाट पाहा असं सांगितलेलं असतं. ड्रेन म्हणजे निचरा. नाव वाचून कुणीही समजेल की ते परत आलं म्हणजे बफर रिकामा झाला. तसं नाही. बफरला दोन खुणा असतात, वरची आणि खालची. वेगळं काही ठरवलं नसेल तर वरची 64 किलोबाइटवर आणि खालची तिच्या चौथ्या हिश्श्यावर. साठा वरच्या खुणेच्या पुढे गेला की ड्रेन थांबवतं आणि खालच्या खुणेपर्यंत उतरला की सोडतं. वरची खूण ओलांडलेलीच नसेल तर ते एक क्षणही न थांबता परत येतं, आणि बफरमध्ये पन्नास किलोबाइट तसेच असू शकतात.

हे मला कळलं ते गोसीखुर्दमुळे. पवनीच्या बाजूला वैनगंगेवर ते धरण आहे. पावसाळ्यात 'गोसीखुर्दचे इतके दरवाजे उघडले' ही आमच्याकडची हवामानाइतकीच नेहमीची बातमी. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला मोठा पूर आला. भंडाऱ्यात घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ किती दिवस दिसत होती. तेव्हापासून इथली लहान पोरंही दरवाज्यांच्या बातमीचा अर्थ बरोबर लावतात. दरवाजे बंद केले म्हणजे धरण रिकामं झालं असं कुणी समजत नाही. पाणी ठरलेल्या पातळीला आलं, एवढंच. ड्रेनच्या कागदपत्रात या दोन खुणांचा उल्लेख नीट केलेला आहे, लिहिणाऱ्यानं लपवलेलं काही नाही. पण नाव आधी वाचलं जातं आणि कागद नंतर, किंवा कधीच नाही. नाव हीच पहिली कॉमेंट असते. ती चुकली की खालचा परिच्छेद तिची माफी मागण्यात खर्च होतो.

त्याच कागदपत्रात वरची खूण ओलांडल्यावर ड्रेन 'ब्लॉक' करतं असं म्हटलं आहे. हा शब्द मराठी माणसानं वाचला की त्याला मेगाब्लॉक आठवतो: रविवार, मार्ग बंद, सगळ्या गाड्या बंद. प्रोग्रामरांच्या जुन्या वापरातही ब्लॉकचा अर्थ तोच, पूर्ण धागा, म्हणजे कामांची ती अख्खी ओळ, अडून राहणं. असिंकमध्ये जे होतं ते वेगळं आहे. ते बाबांच्या स्टेशनावर रोज व्हायचं. मागून जलद गाडी येत असली की पॅसेंजर लूप लाइनला घ्यायची. पॅसेंजर उभी, आतली माणसं वैतागलेली, शेंगदाण्यांची सालं फलाटावर. पण मेन लाइन मोकळी आणि तिच्यावरून दुसरी गाडी धडधडत निघून जाते. थांबलं ते एक काम, अडली नाही ती लाइन. म्हणून मी 'ब्लॉक्स' दिसलं की रिव्ह्यूमध्ये विचारतो, गाडी लूपला घेतलीय की मेगाब्लॉक आहे? इंग्रजीत याला 'सस्पेंड' किंवा नुसतं 'वेट' म्हणता येतं. शब्द आहेत, वापरायचा कंटाळा आहे. नेमका शब्द शोधण्याचा हा कंटाळा जुनाच आहे. सिग्नलच्या हातावरून 'सेमाफोर' हे नाव प्रोग्रामिंगमध्ये आणणाऱ्या डाइकस्ट्रा या संगणकशास्त्रज्ञानं साठच्या दशकात त्याच्या दोन क्रियांना नुसती पी आणि व्ही ही अक्षरं ठेवली होती. ती त्याच्या डच भाषेतून आलेली, आणि पीसाठीचा डच शब्द तर त्यानं चक्क बनवलेला. पिढ्या न् पिढ्या विद्यार्थ्यांनी ती अक्षरं पाठ केली. मोठ्या माणसांचं हे खपून जातं.

आता काळांविषयी. मराठीची बढाई मारून झाली, तर तिची खोडही सांगितली पाहिजे. दारात उभं राहून कुणी हाक मारली की आपण आतून ओरडतो, "आलोच!" आलो. भूतकाळ. पायात चप्पल नाही, चहा अर्धा राहिलाय, आणि क्रियापद म्हणतंय की मी येऊन पोचलो. "निघालोच", "झालंच", "हा काय, बसलोच जेवायला". पाणिनीच्या अष्टाध्यायीत याला जागा आहे: होणाऱ्या गोष्टीची आशा व्यक्त करायची असेल तर ती भूतकाळासारखी बोलली तरी चालते अशा अर्थाचं एक सूत्र आहे, आणि त्याच्या लगेच आधीचं सूत्र सांगतं की वर्तमानाला लागून असलेलं वर्तमानासारखं बोलता येतं. म्हणजे दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी आतून 'आलोच' ओरडत होतं आणि बाहेरचा ताटकळत होता. निरोप घेताना तर आपण 'येतो' म्हणून जातो. नवख्या माणसानं या भाषेची कागदपत्रं वाचून प्रोग्राम लिहिला तर तो दारातच अडकेल.

विदर्भात मात्र एक सोय आहे. पुण्याकडची सहकारी त्यावर हसते. आम्ही 'गाडी येत आहे' म्हणत नाही, 'गाडी येऊन राहिली' म्हणतो. शाळेत यावर गुण कापले जायचे, हिंदीची छाया म्हणून. पण 'येऊन राहिली'त जी अवस्था आहे, सुटलेली पण न पोचलेली, चालू पण अपुरी, तीच असिंक कोडमधली 'पेंडिंग' अवस्था. 'येत आहे' हे वेळापत्रकातही शोभतं. 'येऊन राहिली' म्हणताना बोलणाऱ्यानं रुळाकडे वळून पाहिलेलं असतं.

शिवाय टाकलेल्या कामाची सुरुवात कधी होते, याचाही प्रश्न असतोच. पायथनला 2015 साली असिंक आणि अवेट (वाट पाहा) हे शब्द मिळाले, जावास्क्रिप्टला 2017 साली, रस्टमध्ये ते 2019 च्या नोव्हेंबरात स्थिर झाले. सी शार्पमध्ये त्याआधी 2012 पासून होते. शब्द तेच, वागणं वेगळं. जावास्क्रिप्टमध्ये असं फंक्शन बोलावलं की ते तिथल्या तिथे पहिल्या थांब्यापर्यंत पळतं. पायथनमध्ये नुसतं बोलावलं तर काहीच सुरू होत नाही. हातात एक वस्तू येते, आणि तिची वाट पाहायला विसरलात तर नंतर इशारा मिळतो. रस्टमध्येही कुणी येऊन विचारेपर्यंत काम हलत नाही. तेव्हा 'डाउनलोड सुरू करते' ही एकच ओळ एका भाषेत खरी, दुसरीत खोटी. चक्कीवर डबा ठेवला आणि चक्कीवाल्याला सांगितलंच नाही, तर ते दळण टाकणं झालं का? आमच्या आळीत यावरून दोन जावांत अबोला झालेला मला माहीत आहे.

हातात येणाऱ्या त्या वस्तूला नाव काय द्यायचं यावरही एक गंमत आहे. 1976 साली फ्रीडमन आणि वाइज या दोघांनी तिला 'प्रॉमिस' म्हटलं, पुढच्या वर्षी बेकर आणि ह्युइट यांनी 'फ्युचर'. नंतर काही भाषांनी दोन्ही शब्द ठेवून घेतले. 2011 च्या सी प्लस प्लसमध्ये उत्तर जो देणार त्याच्या हातात प्रॉमिस असतं आणि ज्याला ते मिळणार त्याच्या हातात फ्युचर. मराठीला ही ओढाताण करावी लागली नसती. प्रॉमिस म्हणजे वायदा, आणि फ्युचर्सचा जो बाजार भरतो त्याला आपले पेपर वायदे बाजारच म्हणतात.

आणि हा वायदा माझ्या गावानं कपाळावर लिहून घेतलेला आहे. गाव वरठी, स्टेशनाचं नाव भंडारा रोड. रेल्वेच्या भाषेत 'रोड' म्हणजे काय हे बाहेरच्यांना माहीत नसतं. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसनं किंवा कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पहिल्यांदा येणारा पाहुणा भंडारा वाचून उतरतो आणि भंडारा शोधतो. भंडारा तिथे नसतं. ते दहा-एक किलोमीटर पुढे आहे, ऑटोनं जायचं. 'रोड' या शब्दाचा अर्थच असा की हे ते गाव नव्हे, त्या गावाची वाट इथून आहे. पुढचं तुमसर रोडही तसंच, ते देव्हाडीला आहे, तुमसर त्याच्यापुढे. म्हणजे पाटी खोटं बोलत नाही. फंक्शनानं भंडारा परत दिलेलं नाही, भंडारा रोड परत दिलेलं आहे. अवेट करा, म्हणजे ऑटोत बसा, की भंडारा मिळेल. मला हे नाव कॉमेंटचा नमुना म्हणून फार आवडतं, अवघा एक जादा शब्द. पण ज्याला 'रोड'चा संकेत माहीत नाही त्याच्यासाठी तो एक शब्द पुरत नाही, हेही दर सुट्टीत फलाटावर दिसतं. बॅगा घेऊन उभे असतात बिचारे. वरठीचं नाव मात्र त्या पाटीतून गेलं ते गेलंच, याचं वाईट वाटणारी माणसं गावात आहेत. मी त्यांच्यात मोडतो.

मग मी ती सहा शब्दांची ओळ पुन्हा लिहायला घेतली. आता माझी रीत अशी झाली आहे की आधी मराठीत लिहायचं, कुणाला न दाखवता, आणि मग इंग्रजीत. मराठीत क्रियापद निवडावंच लागतं. लपायला जागा कमी असते. पहिला खर्डा असा होता: 'संदेश रांगेत टाकते आणि लगेच परत येते. परत आली म्हणजे संदेश पोचला असं नाही. पोचपावती हवी असेल तर हातात दिलेल्या वस्तूची वाट पाहा. प्रोग्राम बंद करण्याआधी रांग रिकामी होऊ द्या, नाहीतर रांगेतले संदेश जातात.'

शेवटचा शब्द वाचून मीच थबकलो. 'जातात' म्हणजे पाठवले जातात की वाया जातात? मराठीत माणूस गेला म्हणजेही दोन गोष्टी होतात. 'हरवतात' केलं. हरवणं हेही बरोबर नव्हतं, हरवलेलं सापडू शकतं. 'नष्ट होतात' लिहिलं. सरकारी वाटलं, पण खरं होतं, ठेवलं.

इंग्रजीत नेताना 'मे' आणि 'विल'चा प्रश्न आला. इंटरनेटच्या मानकांत या शब्दांचा कडक हिशेब आहे. 1997 सालचं, क्रमांक 2119 असलेलं एक छोटं पत्रक आहे. 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' म्हणजे नेमकं किती बंधन, ते त्यात ठरवून दिलं आहे. मी 'मे बी लॉस्ट' लिहिलं होतं. सहकारीनं समासात विचारलं, हे 'मे' कशासाठी आहे? कधीकधी नष्ट होतात म्हणून, की तुला नक्की माहीत नाही म्हणून? प्रश्न बोचला, कारण अर्धं कारण दुसरं होतं. कोड उघडून पाहिला. बंद होताना रांगेचा काही भाग बाहेर पडू शकतो, बाकीचा नाही, आणि कोणता ते वेळेवर अवलंबून. म्हणजे 'मे' बरोबरच होतं; फक्त ते मी आधी न पाहता लिहिलं होतं. 'कोणते ते सांगता येत नाही' एवढं जोडलं.

रात्री जेवताना बाबांना चारही ओळी मराठीत वाचून दाखवल्या. आई म्हणाली, "एवढ्याशासाठी आठवडा?" बाबांनी भाताचा घास तसाच ठेवला. पोचपावतीच्या ओळीवर मान हलवली, रांग रिकामी होऊ देण्याच्या ओळीवरही. मग म्हणाले, "समदं बरोबर आहे. पण समोरच्या टेसनानं फोनच नाही उचलला तं? किती वेळ थांबून राहायचं तुझ्या त्या माणसानं?"

"तीस सेकंद," मी म्हणालो. "मग ते स्वतःच सोडून देतं आणि चूक कळवतं."

"मंग लिवलं काऊन नाही?"

"अन् सोडून दिल्यावर," ते पुढे म्हणाले, "संदेश परत काढून घेतं का रांगेतून? का तो आपला जातेच मागून?"

याचं उत्तर मला येत नव्हतं. वाट पाहणं सोडलं म्हणून दळणं थांबत नाही, चक्कीवर तरी नाही. आमच्या कोडमध्ये काय होतं ते पाहायला ताट तसंच ठेवून वर गेलो. खालून आईनं विचारलं, भात गार होऊन राहिला, येतो का?